येळकोट नावाचा टोमॅटो

इंदूरच्या भाजीबाजारात टोमॅटोच्या दोनच जाती आहेत, देसी आणि हाइब्रिड. फार झालं तर ठेलेवाला गाव सांगतो: ‘नासिक का है, दीदी’ किंवा ‘आज बंगलोर का माल आया है’. आंब्याला असं चालत नाही. लंगडा की दशहरी, हापूस की केसर, हे विचारल्याशिवाय कुणी भाव करत नाही. रोजच्या सारात, कोशिंबिरीत, पोह्यांवर लागणाऱ्या टोमॅटोचं नाव मात्र कुणाला ठाऊक नसतं आणि कुणी विचारतही नाही. मला ते विचारावंसं वाटलं. विकत आणलेल्या टोमॅटोचं बी धरून गच्चीवर झाडं वाढवली तर त्याचं वाण ओळखता येईल का, आणि नाही ओळखता आलं तर आपण त्याला नाव द्यावं का, एवढाच माझा प्रश्न होता. उत्तर मिळायला बरेच हंगाम गेले आणि तीन टोमॅटोंसाठी ते तीन निरनिराळी निघाली.

पहिला टोमॅटो ठेल्यावरचा देसी: चपटा, खोल घळींचा, चांगला आंबट, साल इतकी पातळ की पिशवीतच पिचायचा. दुसरा चोइथराम मंडीतला: लांबट, अंड्याच्या आकाराचा, टणक, फ्रिजबाहेर ठेवला तरी आठ-पंधरा दिवस हूं की चूं न करणारा. तिसरा मॉलमधल्या प्लास्टिकच्या डबीतला लाल चेरी टोमॅटो. तिघांचा उगम माहीत करून घ्यावा म्हणून आधी मंडी गाठली. पहाटे सांवेरकडून माल घेऊन आलेल्या एका शेतकऱ्याने मन लावून उत्तर दिलं. अभिलाष, साहो, हिमसोना अशी संकरित वाणांची नावं तो भराभर सांगत होता; पण यंदा दोन प्रकार लावलेत आणि तोडणीच्या वेळी पेट्यांत सगळं एक झालंय, हेही त्यानेच सांगितलं. पाकिटावरचं नाव शेताच्या बांधापर्यंत येतं आणि तिथेच थांबतं. पुढे आडत्या, ठेलेवाला आणि आपण, कुणाकडेच ते पोचत नाही. म्हणजे जे काही ओळखायचं ते झाडावरूनच.

बी धरायची रीत साधी आहे. पूर्ण पिकलेलं फळ आडवं कापायचं, बी गरासकट काचेच्या पेल्यात काढायचं, थोडं पाणी घालून दोन-तीन दिवस झाकून ठेवायचं. वर फेस येतो, वास सुटतो. तो यायलाच हवा. टोमॅटोच्या प्रत्येक बीभोवती एक बुळबुळीत आवरण असतं आणि त्यात बी रुजू न देणारी द्रव्यं असतात. फळाच्या आत ओल असूनही बी उगवत नाही ते त्यामुळेच. आंबवण्याने ते आवरण सुटतं. मग चहाच्या गाळणीत धुऊन बी ताटलीवर सावलीत वाळवायचं. कागदावर वाळवलं तर चिकटून बसतं. मी प्रत्येक पेल्यात एकाच फळाचं बी ठेवलं आणि हा नियम पुढेही कधी सोडला नाही. पुढचा सगळा हिशेब त्याच्यावरच उभा आहे: एका फळातल्या बिया एकाच आईच्या. त्या उगवून काय रूप घेतात, यावरून आईची ओळख पटते.

ऑगस्टमध्ये पाऊस जरा धरला की ट्रेमध्ये नुसत्या कोकोपीटवर पेरणी. माती न वापरण्याला कारण आहे. आमच्या शहरात ओला कचरा वेगळा ठेवायची सवय घरोघरी मुरली आहे आणि माझ्यासारख्या अनेकांनी गच्चीवर कंपोस्टचं पिंप ठेवलंय. या पिंपात स्वयंपाकघरातल्या टोमॅटोचं बी जातं, आणि छोट्या पिंपात ते मारण्याइतकी उष्णता होत नाही. मग कुंडीत आपण लावलेल्या रोपाशेजारी एखादं आगंतुक रोप सहज उभं राहतं. वाण ओळखायला निघालेल्या माणसाला हे परवडणारं नाही. खत घालायचं ते रोप वीतभर झाल्यावर, आणि कुंडीत दुसरं काही उगवलं की ते कितीही तरतरीत असो, उपटून टाकायचं.

कंपोस्टचा विषय निघालाच आहे तर सांगते, ज्याला जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणतात ती कंपोस्टची रीत आमच्याच गावची. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ मध्ये इथे वनस्पती संशोधनाची संस्था उभारली. आजचं कृषी महाविद्यालय त्याच जागेवर आहे. लोकांना त्यांचं खत आठवतं. मला मात्र त्यांचं इंदूरला येण्याआधीचं काम जास्त उपयोगी पडलं. बिहारमधल्या पुसा इथे त्यांनी आणि त्यांच्या पत्नी गॅब्रिएल यांनी शेतातल्या सरमिसळ देशी गव्हातून एकेक झाड निवडून त्याचं बी वेगळं वाढवलं. पुसा ४, पुसा १२ हे नावाजलेले गहू त्या कामातून आले. आधी एक झाड वेगळं काढायचं, त्याची संतती पाहायची, आणि मग बोलायचं. गच्चीवरच्या चार कुंड्यांनाही हीच शिस्त लागू पडते.

मी अनेक वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, त्यामुळे नोंदी ठेवायची माझी रीत म्हणजे चित्र. प्रत्येक झाडाला वहीत एक पान. पण नुसतं फळाचं चित्र काढून भागत नाही हे लवकरच लक्षात आलं. सरकारकडे वाणांची नोंदणी करताना टोमॅटोची जी लक्षणं तपासतात ती रोपापासून सुरू होतात: कोवळ्या खोडावर जांभळट छटा आहे का, पान कातरलेलं की बटाट्यासारखं सलग कडांचं, झाड उंच वाढत जाणारं की बुटकं, देठाला गाठ आहे की नाही, कच्च्या फळाच्या खांद्यावर गडद हिरवा पट्टा आहे का, आडव्या कापात कप्पे किती. मी हीच यादी वहीच्या डाव्या पानावर उतरवली. फळाचा रंग आणि आकार या यादीत शेवटी येतात, आणि आपण बाजारात फक्त तेवढेच पाहतो.

झाडाची वाढ कशी आहे हे ओळखायची युक्ती फार सुंदर आहे. फुलांचे दोन घोस घ्यायचे आणि त्यांच्या मध्ये किती पानं आहेत ती मोजायची. उंच वाढणाऱ्या झाडात साधारण तीन पानांमागे एक घोस येतो आणि शेंडा पुढे जातच राहतो. बुटक्या झाडात मधली पानं दोन, मग एक, आणि शेवटी शेंड्यालाच घोस येऊन वाढ थांबते. हा फरक एका जनुकाचा आहे. प्रत्येक जनुकाच्या झाडात दोन प्रती असतात, आईकडून एक, बापाकडून एक. प्रबळ गुण एका प्रतीनेही दिसतो, दबणारा दोन्ही प्रती त्याच्या असल्या तरच. उंचपणा प्रबळ, बुटकेपणा दबणारा. बुटक्या झाडाचा हा गुण १९१४ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडात पहिल्यांदा आढळला आणि यंत्राने तोडणी करायच्या जातींना पुढे त्याचाच आधार मिळाला.

आता मंडीतला लांबट टोमॅटो. त्याच्या एकाच फळातल्या बियांनी माझी अर्धी वही भरली. काही झाडं काठी मागत वर गेली, काही कुंडीतच झुडपासारखी बसली. फळं कुठे अंड्यासारखी, कुठे टोकाला चोच असलेली, कुठे जवळजवळ गोल. कुणाच्या खांद्यावर हिरवा पट्टा, कुणाच्या नाही. एका आईची इतकी वेगवेगळी लेकरं पाहून पहिला निष्कर्ष निघाला की हा संकरित टोमॅटो. दोन शुद्ध वाणांचा संकर केला की पहिली पिढी एकसारखी येते; तीच बाजारात मिळते. तिच्या बियांतून आजी-आजोबांचे गुण पुन्हा सुटे होतात. मेंडेलने १८६६ मध्ये वाटाण्यावर छापलेलं हे गणित गच्चीवर डोळ्यांनी पाहायला मिळतं, आणि शाळेत पाठ केलेल्या तीनास एकचा अर्थ त्या वेळी खरा कळतो. दुसरा निष्कर्ष मला जास्त आवडला. लेकरांत उंच आणि बुटकी दोन्ही आली, म्हणजे आईकडे दोन्ही गुण होते. आणि उंचपणा प्रबळ, म्हणून आई स्वतः उंच असणार. जे झाड मी कधी पाहिलं नाही, कोणत्या शेतात होतं ठाऊक नाही, त्याच्याविषयी एवढं खात्रीने सांगता आलं.

या भावंडांत एक झाड असं होतं की त्याची फळं पिकलीच नाहीत. इतरांची लाल होऊन खाऊन झाली. याची हिरव्यातून लिंबासारखी पिवळी झाली आणि तिथेच थांबली. घरात सगळे म्हणाले पाणी कमी पडलं, ऊन लागलं, रोग आहे. झाड तर ठणठणीत होतं. फळ तोडून स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवलं. आठवडे गेले तरी ते दगडासारखं. मग चित्र काढताना एक गोष्ट नजरेत भरली. देठाशी जी हिरवी, तारेच्या आकाराची पानं असतात ती या झाडाच्या फळांवर भलतीच लांब होती. त्या खुणेने उलगडा झाला. टोमॅटोत पिकण्याची क्रिया सुरू करणारं एक जनुक आहे. त्याच्या बिघडलेल्या रूपाला शास्त्रज्ञ ‘रिन’ म्हणतात, आणि ते नेमकं कोणतं जनुक हे २००२ मध्ये शोधून काढलं गेलं. या रूपाच्या दोन्ही प्रती ज्या झाडाला मिळतात त्याची फळं पिकत नाहीत, आणि देठाची ती पानंही मोठी होतात. एकच प्रत मिळाली तर फळ लाल होतं पण हळू, आणि टणक राहतं. दूरवर पाठवायच्या संकरित टोमॅटोंत ही एक प्रत मुद्दाम आणतात. मंडीतला माझा टोमॅटो पंधरा दिवस का टिकत होता, याचं उत्तर या एका न पिकणाऱ्या लेकराने दिलं. ते झाड पाहुण्यांना दाखवताना मला अजूनही आनंद होतो, कारण बाजारातल्या टोमॅटोला चव का नाही ही जी तक्रार आपण सारखी करतो, तिच्या कारणांपैकी एक तिथे कुंडीत उभं होतं.

या लांबट टोमॅटोला नाव देता येत नाही. मंडीतला तो शेतकरी शपथेवर म्हणाला असता की हे अभिलाषच, तरी माझ्या झाडांना ते नाव लावणं खोटं ठरलं असतं. संकरित वाणाचं नाव त्या पहिल्या पिढीपुरतं असतं. पुढची पिढी त्याची संतती असते, तो नसते. म्हणून या झाडांना मी नुसते क्रमांक दिले: मंडीचा ‘मं’, वर्ष, झाडाचा आकडा.

देसीचं उलट झालं. त्याची सगळी झाडं एकमेकांसारखी निघाली: उंच, उशिरा धरणारी, चपट्या फळांची. असं एकसारखेपण आलं की ते सरळ वाण आहे, पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच्याच बियांवर चालत आलंय, असं मानायला जागा असते. टोमॅटोचं फूल बहुतेक स्वतःच्याच परागांनी फळतं, त्यामुळे सरळ वाण टिकवणं सोपं जातं. धाकटे दीर शेतकी शिकलेले, फळ बघताच म्हणाले, “वहिनी, ही पुसा रूबी. डोळे झाकून लिहा.” दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने सायू आणि इम्प्रूव्हड मेरुती यांच्या संकरातून काढलेलं हे सरळ वाण उत्तर भारतात वर्षानुवर्षं लावलं जातंय. फळ चपटं, थोड्या घळींचं. अंदाज अगदी रास्त होता. तरी मी डोळे झाकले नाहीत. बियाण्याच्या दुकानातून पुसा रूबीचं पाकीट आणलं आणि दोन्ही एकाच दिवशी, एकाच मातीत, शेजारी-शेजारी लावली. फोटोवरून वाण ओळखण्याला माझा विरोध आहे तो याच कारणाने. पाणी, ऊन, खत बदललं की त्याच झाडाचं फळ बदलतं. सारख्या परिस्थितीत वाढवल्याशिवाय तुलनेला अर्थ नाही. पांढऱ्या माशीने पानं आकसली तर पानाच्या आकाराची नोंदही बाद धरावी लागते.

निकाल सालीने दिला. पिकलेलं फळ क्षणभर उकळत्या पाण्यात बुडवलं की साल सुटते. ती उजेडासमोर धरायची. पुसा रूबीची साल पिवळसर निघाली, देसीची काचेसारखी बिनरंगी. गर दोघांचाही लाल. लाल गरावर पिवळी साल असली की फळ लालभडक दिसतं, बिनरंगी साल असली की गुलाबी. ठेल्यावर मी ज्याला ‘फिकट’ म्हणत होते तो फिकेपणा नव्हताच, तो गुलाबी टोमॅटो होता. शिवाय घळी जास्त खोल, कप्पे जास्त. म्हणजे पुसा रूबी नक्की नाही. दीर स्वतः साल धरून पाहून गेले आणि त्यांनीच वहीत ‘नाही’ असं लिहिलं. या टोमॅटोला मी नाव दिलेलं नाही आणि देणारही नाही. तो कुठल्या तरी गावात, कुणाच्या तरी परसात आधीपासून आहे. तिथे त्याला हाक मारायचं काही नाव असेल. मी पाकिटावर ‘इंदूर ठेला, गुलाबी, चपटा, घळीदार’ एवढं वर्णन लिहिते. ओळखीचं गाव सापडलं तर त्यांचं नाव लावीन.

नाव द्यायचा हक्क मला मिळाला तो चेरी टोमॅटोत. डबीतले सगळे लाल होते. पेरल्यावर साधारण चौथा हिस्सा झाडं पिवळ्या फळांची निघाली. पिवळा गर हा दबणारा गुण. दोन्ही प्रती पिवळ्या असल्याशिवाय तो दिसतच नाही, म्हणून दिसला की तेवढ्यापुरता तो पक्का असतो. पिवळ्याचं बी पुन्हा पेरलं तर सगळी झाडं पिवळीच आली. लाल भावंडांपैकी काहींच्या संततीत मात्र पिवळा पुन्हा डोकं वर काढत होता. पण रंग पक्का झाला म्हणजे वाण पक्कं झालं असं नाही. घोसात फळं किती, साल तडकते का, झाड किती पसरतं, हे अजून बदलत होतं. स्वतःच्याच बियांवर गेलेल्या प्रत्येक पिढीत ही चंचलता निम्मी होते: दुसऱ्या पिढीत अर्धी, तिसऱ्यात पाव, असं करत सातव्या पिढीत चौसष्टावा हिस्सा. चेरी लवकर पिकतो. ऑगस्टच्या पेरणीचं बी नोव्हेंबरअखेर हाती येतं, ते लगेच पेरलं तर माळव्याचं ऊन कडक व्हायच्या आत दुसरी पिढी घेता येते. मार्चअखेरीपासून दिवसाचं तापमान पस्तिशीच्या वर आणि रात्रही ऊबदार झाली की फुलं गळतात, तेव्हा थांबायचं. बियांसाठी राखलेल्या घोसावर फुलं उमलण्याआधीच जाळीची पोटली बांधायची. लग्नात आहेराबरोबर मिळतात तसल्या पोटल्या या कामाला उत्तम. फळ धरलं की पोटली काढून देठाला रंगीत दोरा.

लागोपाठ दोन पिढ्यांत सगळी झाडं सारखी आली तेव्हा घरात नावाची चर्चा सुरू झाली. मी आधी नियम वाचून काढले. लागवडीच्या वाणांना नावं देण्याची आंतरराष्ट्रीय संहिता १९५३ पासून आहे. वाणाचं नाव एकेरी अवतरणात लिहितात, आणि आधी कुणी वापरलेलं नाव पुन्हा द्यायचं नसतं. आपल्याकडे २००१ चा वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा आहे. नोंदणीसाठी वाण इतरांहून वेगळं, एकसारखं आणि स्थिर असावं लागतं. नाव नुसत्या आकड्यांचं चालत नाही, गुणांबद्दल दिशाभूल करणारं चालत नाही, गावाचं नाव असलं तरी हरकत निघू शकते. याच कायद्याच्या ३९व्या कलमाने शेतकऱ्याला बी राखायचा, पेरायचा, वाटायचा हक्क दिला आहे. मला नोंदणी करायची नव्हती. तरी नियम चांगले आहेत, म्हणून पाळायचे ठरवले. ‘इंदुरी पिवळा’ तिथेच बाजूला पडला. ‘साखरचेरी’ही पडला, कारण तो गोड आहे पण साखर नाही, मागून आंबटपणा येतो.

सासूबाई माहेरच्या होळकरी अंमलातल्या घराण्यातल्या. देवघरात खंडोबाचा टाक आहे. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याच्या नैवेद्याशेजारी मी या पिवळ्या टोमॅटोंची वाटी ठेवली होती. गराचा आणि सालीचा दोन्हींचा पिवळा मिळून त्याला जो रंग येतो तो थेट भंडाऱ्याचा. त्यांनी वाटीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “अगं, याला येळकोट म्हण.” कुणाला दुसरं सुचलंच नाही.

आता ‘येळकोट’चं बी मागणाऱ्याला मी पाकिटासोबत एक चिठ्ठी देते: डबीतल्या संकरित लाल चेरीतून निवड, पिवळा गर, पिवळी साल, उंच झाड, दोन कप्पे, कच्च्या फळावर हिरवा पट्टा नाही, एका घोसात दहा-बारा फळं. खाली विनंती: निदान चार झाडं लावा, आणि एखादं वेगळं निघालं तर त्याचं बी या नावाने पुढे देऊ नका, मला कळवा. पुण्याच्या भाच्याकडे आणि उज्जैनच्या आत्यांकडे तो वर्णनाप्रमाणेच आला. भाच्याकडे सततच्या पावसात साल तडकली, तेही चिठ्ठीत जोडलंय. मंडीच्या लांबट टोमॅटोतल्या एका बुटक्या, चोचदार झाडाची संतती अजून वेगवेगळी निघते आहे. यंदा ऑगस्टमध्ये त्याच्या आणखी कुंड्या लावणार आहे, क्रमांकावरच.